श्वास धरून ठेवा, दादा

आदरणीय जुमाकादिर दादांस, धाकट्या बहिणीचा, सेयिलकानचा, वाकून सलाम.

जनावरं खुशाल आहेत ना? घोडी व्याली का? मेंढ्या वरच्या कुरणात गेल्या की अजून खालीच आहेत? वहिनींचा गुडघा कसा आहे, आणि तुमची कंबर? (रीतीप्रमाणे आधी जनावरांचं विचारलं, मग माणसांचं. घोडीचं विचारायचं राहिलं असतं तर तुम्ही पत्र इथेच मिटलं असतं.) इकडे बिश्केकला मी मजेत आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण तुम्हाला ठाऊकच आहे, माझी शाळा मेंढ्यांनी खाल्ली. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता, आणि त्या "हं"शी मी एकटी किती बोलणार.

पत्र आनंदाचं आहे. आपली नात बुरुल हाडांचे आणि छातीचे फोटो काढायला शिकते, हे तुम्हाला माहीत आहे. (माहीत आहे म्हणूनच ती निघाली त्या दिवशी तुम्ही घोड्याला पाणी दाखवायला गेलात, पण तो विषय मी काढत नाही.) लोकांना वाटतं बटण दाबलं की झाला एक्स-रे. मी तिला रांधून वाढायला इथे येऊन राहिले तोवर मलाही तसंच वाटायचं. पण बटण सगळ्यात शेवटी. आधी माणूस नीट उभा करावा लागतो, आणि घरी तो माणूस म्हणजे मी. यंत्र वगैरे काही नाही, कपाटाचं दार हीच यंत्राची पाटी. छाती दाराला टेकवायची, हनुवटी वर, हात पालथे कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे नळावर भांडायला आलेली बाई उभी राहते तसं, आणि मग श्वास भरून घ्यायचा आणि धरून ठेवायचा. मी अशी उभी असतानाच तळायच्या बोरसोकची कणीक एकदा फुगून परातीबाहेर आली. मी बघत होते, पण हलायची परवानगी नव्हती.

तर अडचण फोटोची नव्हती, वळणाची होती. आपणच पोरीला शिकवलं की मोठ्या माणसाला हुकूम करायचा नाही. इस्पितळात सरावाला पाठवलं तर ही म्हाताऱ्यांना म्हणायची, "आजोबा, त्रास होणार नसेल तर, तुमच्या मनात असेल तर, जरासा श्वास..." तोवर आजोबांचा श्वास घेऊन, सोडून, वर खोकूनही झालेला. त्यात म्हातारं माणूस कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगू. (तुम्हाला खरंच सांगावं लागेल, पण ते पुढे.) इतकी गोड बोलणारी पोर बघितली की त्याचे दोन्ही तळवे आपोआप वर येतात, "सुखी राहा बाळ, घर भरलेलं राहो, ओमीन," आणि ते तळवे तोंडावरून फिरतात. पलीकडच्या खोलीत नेमकं तेव्हाच बटण. फोटोत फुप्फुस दिसायच्या जागी धुकं.

तिचे शार्शेनबेक मास्तर तसे भले आहेत, पण त्या दिवशी चिडले. म्हणाले, "बुरुल, आशीर्वाद घरी घे, मला इथे फुप्फुस पाहिजे. फोटो परत काढायचा म्हणजे त्या माणसाच्या अंगावर परत किरणं सोडायची, आणि ती कशापायी, तर तुझ्या लाजेपायी." शुक्रवारी परीक्षा आहे. समोरचं म्हातारं माणूस हललं तर वर्ष गेलं, घरी परत जा.

पोरीचं खाणं तुटलं. झोपेत दचकायला लागली. मी म्हटलं, हिच्या मनात भीती बसली आहे, शिसं ओतायला पाहिजे. आईनं तुमच्या डोक्यावर ओतलं होतं ते आठवतं? वर कापड ताणून धरलं, त्यावर गार पाण्याची वाटी, आणि वितळलेलं शिसं त्यात चर्र करून ओतलं. सगळे म्हणत होते पोराला लांडगा दिसला, आणि पाण्यात खऱ्या भीतीचा आकार गोठला, तो निघाला शाळामास्तरचा. आता शहरात शिसं कुठे शोधायचं? तर बुरुलचा पांढरा झगा धुवायला घेतला आणि खिशात शिशाचेच दोन चिमुकले तुकडे निघाले. दाताखाली दाबून खात्री केली. म्हटलं, देवानं खिशातच ठेवलंय. पळीत घालून वितळवले, पोरीला कापडाखाली बसवलं, ओतलं. गोळा बाहेर काढला आणि सांगितलं, बघ, मास्तरांचं नाक. बुरुल हसली. (शार्शेनबेक मास्तरांचं नाक ज्यानं पाहिलंय तो कुणीही हसेल.) पोटभर जेवलीसुद्धा.

सकाळी झग्याचे खिसे उलटेपालटे करून झाले, गादी झाडून झाली, मग विचारलं, "आजी, माझी अक्षरं कुठायत?" तेव्हा मला कळलं की तिथे प्रत्येकाची आपापली शिशाची दोन अक्षरं असतात, एक उजव्या बाजूचं, एक डाव्या. पाटीवर लावली की फोटोत पांढरी उमटतात, कारण शिशातून किरणं जात नाहीत. ती नसतील तर दुखणारा गुडघा उजवा आणि कापतील डावा. मी खिडकीत ठेवलेल्या गोळ्याकडे, त्या नाकाकडे, बोट दाखवलं.

दादा, त्या पोरीनं जन्मात माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, "आजी, बस तिथे. हलू नकोस. बोलू नकोस. श्वासही घेऊ नकोस." मी बसले आणि श्वास धरला. मी लाल झाले असेन, कारण ती एकदम दचकून म्हणाली, "सोड आता." मी सोडला. मग मीच हसले. म्हटलं, शिसं लागू पडलं.

मांस कुटायच्या हातोडीनं तिनं गोळा ठोकून पत्रा केला, त्यावर अक्षरं काढली, आणि मी लोकरीचा नमदा कापायच्या कात्रीनं कापली. शिसं नमद्यापेक्षा सरळ कापलं जातं. मास्तरांनी उलटसुलट करून विचारलं, कुठल्या दुकानातली? त्याच दिवशी एक खोकणारी आजी आली. बुरुलनं ठणकावून सांगितलं, "आजी, श्वास घ्या, धरा, हलायचं नाही." म्हातारी खांबासारखी उभी. फोटो स्वच्छ. "आता सोडा" म्हटल्यावर बाईनं जो आशीर्वाद सुरू केला तो पार दारापर्यंत पुरला.

वहिनींना आणि घोडीला माझा सलाम.

तुमची सेयिलकान

ता. क. गावच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती वहिनींसाठी मोजे पाठवते आहे. तुमच्यासाठी काही नाही, कारण पुढे वाचा.

आणखी एक. म्हाताऱ्या बायका आता बुरुलपुढे चळत नाहीत, पण उंच टोपीवाला म्हातारा समोर आला की तिचा आवाज परत पोटात जातो. आणि परीक्षेला प्रत्येकानं आपल्या घरचा म्हातारा आणायचा आहे. यंत्र बंद असतं, नुसतं उभं राहायचं. आपल्यात उरलेला म्हातारा तुम्हीच. शिवाय घरात कुणालाही चटकन आशीर्वाद न देणारा माणूसही तुम्हीच. नातवाच्या लग्नात सगळे तळवे वर करून वाट बघत होते आणि तुम्ही "बरं" म्हणून खाली बसलात. तेव्हा तुमचे हात हलायचे नाहीत, असा माझा हिशेब आहे. गुरुवारच्या गाडीनं या.

शेवटचं. पाण्यात निघालं ते मास्तरांचं नाक नव्हतं. नाकाला वर शेंडा नसतो. ती टोपी होती, उंच, डावीकडे कललेली, घोडी वर बसल्यापासून तुमची कलते तशी. तिला दाखवताना मी शेंडा बोटाखाली झाकला, पण दुसऱ्या दिवशी गोळा ठोकायला बुरुलच बसली होती, आणि पहिला घाव घालण्याआधी बराच वेळ बघत राहिली. तुमच्या आशीर्वादाशिवाय निघालेली पोर आहे, दादा. शुक्रवारी तुमचे हात वर आलेच तर येऊ द्या. फक्त ती "आता सोडा" म्हणेपर्यंत कळ काढा.