तंदूरचा डाग

इस्पितळाची धर्मशाळा,
१३ ऑक्टोबर २००५

ती. बुआस इंद्राचा सा. न. वि. वि.

अम्मा आहे. हे सगळ्यात आधी लिहिते आणि खाली शेवटीही लिहीन, कारण तू कुठलंही पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस. पत्र बेलीरामकाकांच्या बसमधून पाठवते आहे. दुकानातला फोन पावसाळ्यापासून मुकाच आहे, असं ते सांगत होते. आता आपला कंडक्टर हाच आपला टपालवाला.

जीप इथे पोचली तेव्हा अम्माने मला ओळखलं नाही. मला तुझ्या नावाने हाक मारून गाय बांधायला सांगत होती. गवत कापून आली त्यानंतर ताप भरला, दवाखान्यात टायफॉइडच्या गोळ्या दिल्या, त्याने उतार पडला नाही, एवढं जीपवाल्याने सांगितलं. बाकी मलाच काही माहीत नव्हतं. या वर्षी परीक्षेमुळे मी गवतकापणीला घरी आले नाही, ते आता पदोपदी आडवं येतं. अतिदक्षता विभागात ठेवलंय. रक्तात जंतू पसरलेत, फुप्फुसांत पाणी आहे, मूत्रपिंडं मंदावलीत, असं डॉक्टर म्हणतात. जंतू कुठून शिरले ते मात्र सापडत नाही. भारी औषधं चालू आहेत, पण ताप त्यांना जुमानत नाही.

डॉक्टर चंदेल म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत. ते रोज मला बाहेर बोलावून नवं काहीतरी विचारतात. काय खाल्लं, पाणी कुठलं, गुरं आजारी होती का, कुठे जखम झाली का, काही चावलं का. तू शिकवलंस तसं मी जपून सांगते. पाहिलेलं ते पाहिलं म्हणून, ऐकलेलं ते ऐकलं म्हणून. काल त्यांना अम्माच्या कमरेवर, गाचीचं कापड गुंडाळते त्याच्या खाली, एक काळी खपली दिसली. मी म्हटलं, हा तंदूरचा डाग आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी सांगितलं, जन्मापासून पाहते आहे. एवढ्या दिवसांत त्या दाराशी मला पहिल्यांदाच हसू आलं.

बुआ, तो वास आठवतो का गं? लोकर जळल्याचा? अम्मा खोलीतल्या त्या लोखंडी तंदूरच्या शेगडीला पाठ लावून बसायची, गाची सैल करायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. मग तू पलीकडून ओरडायचीस, भाभी, सरक. दर हिवाळ्यात कमरेवर एक नवा डाग. मी तुझ्यासमोर पाटीवर क गिरवत असायचे आणि तू अर्धं लक्ष माझ्या क कडे, अर्धं तिच्या लोकरी पट्टूकडे ठेवायचीस. इथे खोलीखोलीत हीटर लागलेत, म्हणजे घरी तंदूर कधीचाच पेटला असेल.

दुधाची काळजी घे, गुडघ्याला शेक दे. तुझा लोभ मला पुरून उरेल एवढा आहे; त्यातला थोडा देवाकडे अम्मासाठी मागून ठेव. अम्मा आहे.

तुझी,
इंद्रा

---

बागीधार,
१४ ऑक्टोबर

चि. इंद्रास बुआचे अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटाकडूनच वाचलं. त्यात काय चुकलं? मास्तरीण होते म्हणून माझा जीव मजबूत आहे असं थोडंच आहे.

सोबत सिड्डू वाफवून पाठवते आहे, आत अक्रोड घालून. बेलीरामला बजावलंय की वाटेत उघडायचे नाहीत. तरी दोन कमी निघाले तर मला कळव. तू खा. इस्पितळाच्या दारात उपाशी उभं राहिल्याने आत पडलेल्याला काही मिळत नाही. त्या डॉक्टरांनाही एक दे.

मला राहून राहून वाटतं, मी गवत कापायला घासणीवर सोबत गेले असते तर. पण माझा गुडघा, आणि तिचा हट्ट. उन्हं उतरायच्या आत सगळा उतार कापून झाला पाहिजे, म्हणून एकटीच राबली. दुपारी भाकर खाऊन गवतातच आडवी झाली, असं शेजारची गुड्डी सांगते. ती पलीकडच्या पट्ट्यात कापत होती. संध्याकाळी पाठीवर गवताचा किल्टा भरून आणला तेव्हा थकली होती, पण हसत होती. मला म्हणाली, मास्तरीणबाई, पुढच्या वर्षी तुमचा गुडघा इथेच ठेवून तुम्ही या.

घर गारठलंय. या वर्षी थंडी लवकर उतरली, पण गावचा देव अजून दसऱ्याच्या जत्रेहून परतला नाही, आणि देव बाहेर असताना आपल्या गावात कुणी तंदूर मांडत नाही हे तुला माहीतच आहे. रथ माणसांच्या खांद्यांवरून पायी येणार, चार गावांचा पाहुणचार घेणार, तोवर आम्ही चुलीपाशी कुडकुडायचं. आपल्या तंदूरची तर वेगळीच गंमत. उन्हाळ्यापासून माळ्यावर ठेवला होता, त्याच्या पोटात मांजर व्याली. तीन पिल्लं आहेत. भाभीने त्यांच्याखाली जुनं पोतं घातलं आणि मला सांगून ठेवलं की देव आला तरी यांचे डोळे उघडेपर्यंत तंदूर खाली आणायचा नाही. आता सांग, थंडीने आम्ही मरायचं आणि हिला मांजराचं बाळंतपण.

तुला आठवतं, तुला ळ यायचा नाही? तू त्याला दोन बटाटे म्हणायचीस. भाभी चुलीपाशी बसून म्हणायची, मग शिजवून टाका. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण तुझा ळ जमला त्या दिवशी तिने खीर केली होती.

तिच्या कानाशी सांग की गाय दूध देते आहे. बाकी काही सांगू नकोस. आशीर्वाद कमी पडले तर आणखी पाठवीन, बसला त्याचं भाडं पडत नाही.

तुझी बुआ

---

इस्पितळाची धर्मशाळा,
१५ ऑक्टोबर

ती. बुआस सा. न. वि. वि.

हे पत्र वरून खाली वाच. शेवट आधी वाचू नकोस, एवढं ऐक.

तुझं पत्र काल संध्याकाळी जिन्यात बसून वाचत होते. हातात सिड्डू होता. मांजराच्या पिल्लांपर्यंत आले आणि हसले. पुढे ळ पर्यंत गेले, आणि मग मागे वळून तंदूरची ओळ पुन्हा वाचली. देव बाहेर आहे हे मी साफ विसरले होते; घरात तंदूर पेटलेलाच नाही. मग अम्माच्या कमरेवरचा डाग कसला?

मी तशीच धावले. डॉक्टर चंदेल घरी निघाले होते, त्यांना व्हरांड्यात गाठलं. आधी देवाचं सांगितलं, मग मांजराचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा आत गेले. मलाही अंगरखा चढवून आत नेलं. अम्माला कुशीवर वळवलं. बाकी डाग जुने, पांढुरके झालेले. हा एकच काळा, कडेने लाल, आणि दाबला तरी तिच्या चेहऱ्यावर काही नाही. ते म्हणाले, भाजल्याची खपली नाही ही. गवतात डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड असते. ती शरीराच्या झाकलेल्या जागी, गाचीखाली, काखेत चावते, आणि चावलेलं कळतसुद्धा नाही. स्क्रब टायफस म्हणतात. आतापर्यंतची भारी औषधं त्यावर चालत नाहीत. ज्याने बरं वाटतं ते औषध साधं आहे, जुनं आहे. तपासणीचा निकाल येईपर्यंत न थांबता त्यांनी ते सुरू केलं.

पण बुआ, पहाटे अम्माचा श्वास खुंटला आणि तिला श्वासाच्या यंत्रावर घ्यावं लागलं. औषध लागू पडायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ तिचं शरीर देईल की नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की तू सांगितलंस म्हणून मीही दुसऱ्यांदा पाहिलं नाही, ते माझं चुकलं. मी मात्र जन्मापासून पाहते आहे असं म्हटलं होतं. जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं म्हणून सांगितलं. तू शिकवलेलं एवढंच होतं आणि तेवढंच मला जमलं नाही.

डॉक्टरांनी विचारलंय की घासणीवर आणखी कोण होतं. जिला ताप असेल तिच्या अंगावर असा डाग आहे का ते बघा आणि लगेच दवाखान्यात न्या, माझी चिठ्ठी दाखवा, असं सांगितलंय. चिठ्ठी सोबत आहे.

तुझा लोभ मी आज मागत नाही. अम्मा आहे. आत्ता, लिहिताना, आहे.

इंद्रा

---

बागीधार,
१७ ऑक्टोबर

चि. इंद्रास अनेक आशीर्वाद.

वरून खाली वाचलं. पहिल्यांदाच.

तुझ्या चुकीचं नंतर बोलू. आधी गुड्डीचं सांगते. सकाळी नळावर बायका जमल्या, तिथेच मी सगळ्यांना शाळेसारखं रांगेत उभं केलं आणि जनावरांच्या गोठ्यात एकेकीला नेऊन पाहिलं. काय सांगू तुला तो तमाशा. ज्वाला चाची म्हणते, माझी कंबर माझ्या नवऱ्याशिवाय कुणी पाहिली नाही आणि त्यानेही दिवा विझवून. मी म्हटलं, मग आज उजेडात दाखव. तिला काही निघालं नाही; निघाला तो मागच्या वर्षीचा हरवलेला बटवा, गाचीतच.

गुड्डी मात्र गोठ्यात येईचना. ताप अंगात घेऊन पाणी भरत होती, सासूला सांगितलं तर कामचुकार म्हणेल म्हणून. काखेत डाग होता, तू लिहिलास तसाच. तिला त्याच क्षणी दवाखान्यात पाठवलं. कंपाउंडरने चिठ्ठी दोनदा वाचली आणि औषध सुरू केलं. सासू आता स्वतः पाणी भरते आहे आणि मला शिव्या देते आहे. म्हणजे तुझ्या पत्राने एक घर आधीच वाचवलंय. ते दुसऱ्या पारड्यात टाक आणि मग स्वतःला तोल.

आता डागाचं. तू म्हणतेस जन्मापासून पाहतेस. पण पहिला डाग तुझ्या जन्माआधीचा आहे, तो तुला कुणी सांगितला नाही. मी ट्रंक घेऊन सासरहून परत आले, तो हिवाळाच होता. गावातलं प्रत्येक माणूस काहीतरी निमित्त काढून यायचं आणि मला न्याहाळून जायचं. का आली, कुणाचं चुकलं, परत कधी जाणार. मी तंदूरकडे तोंड करून बसायचे आणि मान वर करायचे नाही. भाभी तेव्हा नवी नवरी, माझ्याहूनही लहान. तिने एक दिवस आपली चटई उचलली, माझ्या आणि दाराच्या मध्ये टाकली, तंदूरला पाठ केली आणि दाराकडे तोंड करून बसली. जो येईल त्याला तीच उत्तर द्यायची. नणंद थकली आहे, चहा घ्या, बर्फ फार पडला का तुमच्याकडे. पाठ भाजत होती तरी उठली नाही. तेव्हापासून तिची तीच जागा. लोक यायचे थांबले, पण तिची सवय राहिली.

मी तिला यावर कधी एक शब्द बोलले नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही. तू तिच्या कानाशी आता गाईचं नको, हे सांग.

देव उद्या वेशीपाशी पोचेल म्हणतात. मी त्याच्याकडे मागायचं ते मागेन. तुझ्यावरचा लोभ कमी होण्यासारखं तू काही केलेलं नाहीस, हे मास्तरणीचं लेखी आहे असं समज.

तुझी बुआ

---

इस्पितळाची धर्मशाळा,
२३ ऑक्टोबर

ती. बुआस सा. न. वि. वि.

शेवटाकडून वाचलंस तरी चालेल आज.

ताप उतरला. आधी रात्रीचा चढायचा थांबला, मग दिवसाचाही गेला. मूत्रपिंडं चालू लागली. परवा यंत्र काढलं. निकालही आला, डॉक्टर म्हणाले होते तेच निघालं. शेजारच्या खाटेवर रोहडूचे एक सफरचंदवाले बाबा होते, त्यांनाही हाच ताप. ते मात्र फार उशिरा आले होते. त्यांचा मुलगा जाताना त्यांची उरलेली फळं माझ्या हातात ठेवून गेला. ती फळं मी वाटली, पण स्वतः खाल्ली नाहीत.

अम्मा बोलते आहे. घसा खरवडलेला आहे, तरी पहिल्या दिवशीच तिने देव परतला का ते विचारलं आणि लगेच पिल्लांचे डोळे उघडले का ते. मी सांगितलं, पण ती माझ्याकडे बघतच राहिली. मग रागावली, नुसते ओठ हलवून थट्टा करतेस का म्हणून. बुआ, तिला ऐकू येत नाही. या तापाने कधी कधी असं होतं. परत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

म्हणून तुझा निरोप द्यायचा राहिला. तिच्या कानाशी सांगून उपयोग नव्हता आणि तिला वाचता येत नाही. तो तुझा तुलाच द्यावा लागेल. कसा, ते मला माहीत नाही.

लोभ होता म्हणूनच इथवर आलो. आता घरी येऊन प्रत्यक्ष घेऊ. अम्मा आहे. यापुढे हे वाक्य लिहायची सवय मोडेन.

तुझी,
इंद्रा

---

बागीधार,
२० नोव्हेंबर

चि. इंद्रास अनेक आशीर्वाद.

तू अम्माला घरी पोचवून परत गेलीस आणि घर पुन्हा आम्हा दोघी म्हाताऱ्यांचं झालं. परीक्षेचा अभ्यास कर. अम्माची काळजी इथे माझ्या अंगावर आहे, तुझ्या पुस्तकांवर नाही.

ती बरी आहे. दोन घास जास्त जातात. डाव्या कानाशी मोठ्याने बोललं तर थोडं पोचतं असं वाटतं, पण तीही मला खूश करायला मान हलवते की काय, कळत नाही. पिल्लांची रवानगी सफरचंदाच्या पेटीत झाली. गुड्डी कालच येऊन लाकडं फोडून गेली, सासूच्या देखत.

तंदूर मांडला. पहिल्याच संध्याकाळी गाव लोटलं. आजारी माणूस परत आलं की बघायला येतातच, आणि ऐकू येत नाही म्हटल्यावर तर दुप्पट येतात. ज्वाला चाची तिच्या तोंडाशी जाऊन ओरडत होती, जणू भाभी पलीकडच्या डोंगरावर बसली आहे. कुणी म्हणे आता हिचं काय, कुणी म्हणे डोक्यावर तर परिणाम नाही ना झाला. भाभी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग हळूहळू तिने मान खाली घातली आणि तंदूरकडे तोंड करून बसली. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी माझी चटई उचलली. तिच्या आणि दाराच्या मध्ये टाकली. गुडघा दुमडत नव्हता तरी बसले, तंदूरला पाठ आणि दाराकडे तोंड करून. जो येईल त्याला उत्तर दिलं. भाभी थकली आहे, चहा घ्या, बर्फ पडला का तुमच्याकडे. तंदूरच्या कडेने मागून तिचा हात आला आणि माझ्या पाठीवर राहिला. निरोप पोचला असं मी धरून चालते.

रोज असंच बसते आहे. लोक आता कमी झालेत, पण जागा सोडवत नाही. काल पेंगले, आणि लोकरीचा वास आला तेव्हा भाभीने मला पट्टू धरून ओढलं. कमरेवर बोटाएवढा डाग आहे. दुखतो आहे, लाल आहे, आणि भाभी त्याला लोणी लावताना हसते आहे. तुझ्या डॉक्टरांना कळव, हा मी स्वतः पाहिला आहे आणि तो नक्की तंदूरचाच आहे.

तुझी बुआ