क्लिनिकमधली ओळख

हेर्त्सोगेनआउराख,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आईंना,

नमस्कार. अपूर्वा आणि मी बऱ्या आहोत. तिकडे गौरी-गणपती नीट पार पडले असतील. सुलेखावन्संनी पाठवलेल्या फोटोत आरास छान दिसत होती, तुम्ही मात्र बारीक झालेल्या वाटलात. जेवणाची आबाळ करू नका. इथे थंडी सुरू झाली. अपूर्वाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. ओरडून उपयोग होत नाही, म्हणून मी ओरडायचं सोडलं.

पत्र बघून तुम्ही चकित झाला असाल. फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही म्हणता, "थांब, हृषीला विचारते." हे त्याला विचारण्यासारखं नाही. आणि या पत्रात मी त्याला 'हे' आणि 'ह्यांनी' म्हणणार नाहीये. वाईट वाटलं तर वाटू द्या, माझा हात वळत नाही.

मी 'हेल्थ मॅनेजमेंट'मध्ये मास्टर्स करते, असं त्याने तुम्हाला सांगितलंय. धादांत खोटं. मी एर्गोथेरपी शिकते. पक्षाघात झालेली, अपघातात हात-मेंदू जायबंदी झालेली माणसं आमच्याकडे येतात, आणि रोजचं जगणं पुन्हा करायला शिकतात. पोळपाटाशी उभं राहणं म्हणा, पँट चढवणं म्हणा, संडासला एकटं जाणं म्हणा. माझा एका क्लिनिकशी करार आहे. काही आठवडे कॉलेज, काही आठवडे वॉर्ड, क्लिनिक पगार देतं आणि शेवटी पदवी मिळते. वर्गातल्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. मला 'नीला' म्हणतात आणि परीक्षेच्या आधी माझ्याच नोट्स मागतात.

हे सगळं हृषिकेशला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. करारावर सही करून आले तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे जर्मनांची न्हाणी-धुणी?" मी नीट समजावून सांगितलं. तो मोबाइल बघत म्हणाला, "गेनाऊ, तेच." मग लोकांसाठी त्याने स्वतःच एक डिग्री शोधून काढली. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की माझ्याआधी तोच उत्तर द्यायचा, "मास्टर्स चाललंय हिचं." त्या बायका माना डोलवायच्या. त्यांना तरी काय, नवऱ्याची कंपनी आणि मुलाचे मार्क यापलीकडे कुणाचं काय चाललंय याच्याशी घेणं नसतं. मला वाटायचं, बिचारा लाजतोय, सवय होईल.

मग फेब्रुवारीत काय झालं ते सांगते.

वॉर्डमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते. पेशंटचं नाव मी सांगू शकत नाही. त्यांची उजवी बाजू गेली होती. त्या दिवशी आम्ही हात-तोंड धुण्याचा सराव करत होतो. ते बेसिनसमोर खुर्चीत, मी शेजारी वाकलेली, बाह्या कोपरापर्यंत वर, त्यांच्या हनुवटीवरून साबण ओघळून माझ्या बुटांवर. तेवढ्यात दार वाजलं. म्हाताऱ्यांचा मुलगा भेटायला आला होता. त्याच्या मागे, हातात महागडा फळांचा टोपला घेऊन, हृषिकेश.

तो मुलगा म्हणजे हृषिकेशचा बॉस. ते मला तेव्हा कळलं. साहेबाचे वडील आजारी, म्हणून हा काळजी दाखवायला आला होता. त्याला वाटलं असणार, माझा कॉलेजचा आठवडा आहे.

मी हसले, आई. खरंच हसले. नवरा दिसला तर माणूस हसतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, आणि जर्मनमध्ये नमस्कार केला, "गुटन टाग." पुढे त्याच सुरात, "आपण यांची फार छान काळजी घेता, धन्यवाद."

'आपण' म्हणजे जर्मनमध्ये 'झी'. आपल्याकडे बायको नवऱ्याला अहो म्हणते, त्यात घर असतं. इथे नवरा-बायको एकमेकांना 'झी' कधीच म्हणत नाहीत. मित्राला, देवाला, कुत्र्यालासुद्धा 'डू', म्हणजे तू. 'झी' म्हणायचं ते परक्याला.

मीही म्हणाले, "आपण आभार कशाला मानता? माझं कामच आहे ते." झी लावूनच. आणि ओले हात पाठीमागे लपवले. त्याने ओळख नाकारली याचं मला आता काही वाटत नाही. मी हात लपवले, त्याची चीड अजून जात नाही. एवढ्याशा माणसासमोर!

ते दोघं डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले. म्हाताऱ्यांना बोलायला वेळ लागतो, पण डोकं शाबूत होतं. शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "ओळखता... त्याला?"

"नाइन, नाही," मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

घरी आल्यावर त्याचं म्हणणं, "अगं, तिथे समजावत बसायला वेळ होता का? बॉस काय म्हणाला असता?" मी विचारलं, "काय म्हणाला असता?" साहेबाने तर निघताना स्वतःच्या बापाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला वाकून धन्यवाद दिले होते. त्याला कशाचीच लाज नव्हती. लाज फक्त आपल्या शूरवीराला. नंतर म्हणतो, "एवढ्यावरून तू तमाशा करणार?" मी तमाशा केला नाही. मी घर शोधलं.

एप्रिलपासून अपूर्वा आणि मी वेगळ्या राहतो. ती शनिवार-रविवार त्याच्याकडे जाते. तुमच्या व्हिडिओ कॉलवर मी दिसत नाही, 'लायब्ररीत आहे' असं तो सांगतो, ते यामुळे. इथे घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. ते चालू आहे, आणि वकील मी बघितला आहे. एवढं लिहायला मला इतकी पानं लागली.

तुम्हाला हे आत्ताच का सांगते? तर तुम्ही दिवाळीला येताय. गेल्या आठवड्यात तो माझ्या दारात आला. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. म्हणाला, "आई असेपर्यंत घरी येऊन राहा. मंगळसूत्र घाल, फराळ कर, काही झालं नाहीये असं वाग. ती गेली की तू मोकळी." मी नाही म्हटलं. तर म्हणतो, "आईला धक्का बसेल. तिचं बीपी माहीत आहे ना तुला?"

म्हणजे तिथे साहेबासमोर मी बायको नव्हते, आणि इथे आईसमोर दीड महिना असायचं. आणि मध्ये ढाल कुणाची, तर तुमच्या बीपीची! बाबा गेल्यावर दोन मुलांना वाढवत ज्या बाईने शाळेत नोकरी केली, नातेवाइकांची बोलणी खाल्ली, तिला त्याने बघता बघता काचेचं भांडं करून टाकलं. तुम्ही कोण आहात हे त्याला माहीतच नाही. मला आहे.

तो आता तुम्हाला वेगळी गोष्ट सांगेल. मी तापट, मला शिंगं फुटली, इकडची हवा लागली. त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, तो तुमचा मुलगा आहे. त्याचं माझ्याकडे येणं मला नको आहे. तुमचं हवं आहे. अपूर्वाला माझ्या घराची बस माहीत आहे, ती घेऊन येईल.

इथे इमारतीच्या बेलवर आडनावं लिहिलेली असतात. त्यांत सबनीस शोधू नका, सापडणार नाही. माझ्या बेलवर माहेरचं पेठे आहे. ते वाचून पाय मागे फिरले तर फिरू द्या, मी मनात धरणार नाही. बेल दाबलीत, तर मी धावत खाली येईन, आणि दारातच वाकून नमस्कार करेन. हृषिकेशची बायको म्हणून नव्हे.

तुम्ही म्हणाल त्या नात्याने तुमची,
नीलांबरी पेठे