साखरेवरचं पीठ

जानेवारी, गुरुवार. दिवेलागणीची वेळ.

अश्विनीचा फोन अजून लागत न्हाय. ट्रेकला आलेल्या लोकांना हिमालयात बर्फातनं न्यायची नोकरी पोरीची. सकाळी म्हणाली, "आण्णा, दोन दिवस लई बर्फ पडला, आज ऊन पडलंय." मी बोलून गेलो, "मग जा की, बरंच झालं!" सगळा जन्म कबनूरात मागावर कापड विणण्यात गेला. मला ऊन म्हणजे चांगली हवा, एवढंच ठावं.

दिवाळीला घरी आलती तेव्हा तिनं परातीत साखर पसरली, वर भाकरीचं पीठ दाबलं आणि परात तिरकी धरली. "आण्णा, खाली असा दाणेदार बर्फ असला की वरचा थर धरत न्हाय. त्यात ताज्या बर्फावर ऊन पडलं की सगळाच घसरतो." मग टिचकी मारली. पीठ एकदम खाली. किती हसलो दोघं.

हे सकाळी का आठवलं न्हाय मला? माझं ऐकून गेली असंल? छे, ती कुठं माझं ऐकती. आज तरी ऐकलेलं नसू दे.

एकट्यापुरती भाकरी थापायला परात काढली. भाकरी राहिली. साखर पसरली, वर पीठ दाबलं, परात भिंतीला तिरकी टेकवली. टिचकी मारायला बोट उचलत न्हाय.