पेगची माझ्यामागची सोय

मी, क्लेमंट ऑब्री प्रोसर, वय एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा कोळशाच्या खाणीत काम, सध्याचा धंदा खोकणे, राहणार रेल्वे स्ट्रीट, ॲबरग्लेन, हंटर खोरे, न्यू साउथ वेल्स, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. हे मृत्युपत्र मी माझ्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्या धाकाने नव्हे तर माझ्या मर्जीने करीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझी पत्नी नोलीन हिला दिले होते, आणि ती माझ्याआधी गेली. आमचे ठरले होते ते उलटे.

वकील मिस हेन्शॉ म्हणाल्या, "मिस्टर प्रोसर, थोडक्यात लिहा हं. कायद्याला गोष्टी लागत नाहीत."

मी म्हटले, "कायद्याला नसतील लागत. माझ्यामागे हे ज्यांना ऐकायचंय त्यांना लागतील." तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागितला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम १. राहते लाकडी घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी जॅनीन हिचे. ती पर्थला असते. घर विकायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे. न्हाणीघरावरचे छप्पर गळते, ते घेणाऱ्याला आधीच सांगावे. प्रोसरांनी आजवर कोणाला फसवून काही विकलेले नाही.

कलम २. हिरवळीवर खेळायचे माझे बोलिंगचे चेंडू गावच्या बोलिंग क्लबाला द्यावेत. मात्र क्लबाच्या अध्यक्षाने ते हातात धरून भाषण ठोकू नये. नोलीनच्या अंत्यविधीच्या वेळी त्याने तिचे नाव दोनदा चुकवले.

कलम ३. माझा मित्र आणि आमच्या युनियनचा जुना सेक्रेटरी एर्न डंकली याला मी काहीही देत नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला दिलेले बाद होते म्हणे. त्याने वेळोवेळी नेलेले नट पिळायचे पाने, करवत आणि शिडी त्याच्याकडेच राहू द्यावीत. ती मी जिवंतपणीच गमावली आहेत.

कलम ४. आता पेग. कुत्रा म्हणजे कायद्याने वस्तू, टेबलखुर्चीसारखी, असे मिस हेन्शॉ म्हणतात. ठीक आहे, वस्तू तर वस्तू. पण या घरात जपण्यासारखी वस्तू ती एकच उरली आहे, म्हणून हे कलम लांबणार.

पेग ही शर्यतीतून काढलेली ग्रेहाउंड कुत्री. अंगावर वाघासारखे काळपट पट्टे, दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईने गोंदलेली अक्षरे. मैदानावर तिचे नाव क्विक सॉव्हरिन होते. काही शर्यती जिंकली, मग मागे पडू लागली, आणि मागे पडणाऱ्याला तिथे कोणी ठेवत नाही. नोलीनने तिला घरी आणले तेव्हा मी दारातच आडवा उभा राहिलो.

"ही कुणाची?"

"आपली."

"त्याआधी कुणाची?"

"त्याआधी तिच्या आईची. सरक बाजूला, चहा टाकते."

बायकोचा हा स्वभाव. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसे त्यावर ती चहा टाकी. पण कुठली कुत्री कुठल्या पिंजऱ्यातून आली हे आमच्या गावात न विचारताही कळते. त्या पिंजऱ्याचा मालक कोण, ते पुढच्या कलमात येईल.

पेग आयुष्यात कधी घरात राहिलेली नव्हती. काचेच्या दारावर नाक आपटून घेतले. दोन पायऱ्या दिसल्या की थरथर कापायची. बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली ती संध्याकाळ होईपर्यंत उभीच, कारण आडवे झाले तर चालते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पहिल्यांदा झोपली ती डोळे उघडे ठेवून. ही जात झोपते तशी. नोलीनला वाटले मेली, तिने असा टाहो फोडला की शेजारच्या मिसेस बोर्टोली हातात कालथा घेऊन धावत आल्या. त्यानंतर सोफा तिचा झाला आणि मी खुर्चीवर आलो.

मग पायाचे प्रकरण सुरू झाले. फिरून आलो की मागच्या पायरीशी पेग थांबायची आणि पुढचा उजवा पाय उचलून अधांतरी धरायची. मग डावा. आम्हाला वाटले, लंगडते. गुरांच्या डॉक्टरने चारही पायांचे एक्स-रे काढले, काही दिसेना, तेव्हा आपले बँडेज बांधून दिले. पेग बँडेजचा पायही तितक्याच अदबीने उचलून उभी! रस्त्यातला जो तो विचारी, "काय रे क्लेम, कुत्री मोडकी दिली का कुणी?"

एक दिवस नोलीन कुठूनशी आली ती हसत हसतच. म्हणाली, "अरे, काही झालेलं नाही हिला. पाय धुवायची वाट बघतेय बिचारी!"

शर्यतीचे कुत्रे वाळूच्या मैदानावर पळून आले की सांभाळणारा माणूस त्याचे पाय धुतो. बोटांच्या मधल्या पातळ कातडीत वाळू राहिली तर चिरते. म्हणून एकेक बोट फाकवून धुवायचे, पुसायचे, मगच आत घ्यायचे. पेगचे पाय ती पिल्लू असल्यापासून रोज कोणीतरी हातात घेत आले होते. तिला वाटे, आत येण्याची रीतच ही.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"डॉक्टरांनी."

डॉक्टरला एवढे कळत असते तर त्याने बँडेज बांधले असते का? पण मी टब शोधू लागलो. त्या दिवसापासून मागच्या पायरीशी टब आणि जुना टॉवेल आला. नोलीन होती तोवर ती धूत असे. ती गेल्यावर मी.

कलम ५. माझा धाकटा भाऊ लाईल प्रोसर. हे नाव मी आमच्या खाणीतल्या मोठ्या संपानंतर आज पहिल्यांदा लिहीत आहे.

संप करणाऱ्या घरांत त्या वर्षी चुली थंड होत्या. युनियनच्या हॉलमध्ये नोलीन आणि इतर बायका सूप ढवळीत, आणि पोरे भांडी घेऊन रांगेत उभी राहत. आणि एका सकाळी माझा सख्खा भाऊ मालकाच्या बसमध्ये बसून खाणीवर गेला. त्याच्याकडे शर्यतीची कुत्री होती. त्यांच्यासाठी गेला.

खाणीच्या फाटकाशी मी त्याला अडवले. तो म्हणाला, "क्लेम, माणसं भूक निदान बोलून दाखवतात. कुत्री नुसती बघत बसतात रे. मला नाही बघवलं."

मी म्हटले, "एर्नची पोरंही बघतच होती."

ते आमचे शेवटचे बोलणे. संप फोडणाऱ्याला आमच्या गावात कोणी मारत नाही, शिवीही देत नाही. त्याच्याशी बोलत नाहीत, एवढेच. तो दुकानात शिरला की बाकीचे बाहेर येतात. गाव त्याला अजून 'तो कुत्रेवाला' म्हणते. बाहेरच्यांना हा खुळेपणा वाटतो. वाटो बापडा. त्या रांगेत त्यांची पोरे नव्हती.

नोलीन पेगला त्याच्याकडून घेऊन आली आणि पाय धुवायचे त्यालाच विचारून आली, हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. तिला ठाऊक होते की मला ठाऊक आहे. संसार असाच चालतो.

कलम ६. गेल्या उन्हाळ्यापासून मला वाकता येत नाही. वाकलो की श्वास अडकतो. पेग पायरीशी उभी राहून पाय उचलायची. मी म्हणायचो, "नाही गं राणी, आज नाही जमत." ती पाय खाली ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा उचलायची. तिला वाटायचे, मी पाहिलेच नाही. मला रडू यायचे. नोलीनच्या दफनाला चारचौघांत डोळे कोरडे ठेवलेला माणूस मी, त्या पायरीवर कुत्रीसमोर रडलो आहे. लिहून ठेवतो, कारण खोटे लिहायची ही जागा नव्हे.

एका दुपारी म्हटले, होऊन जाऊ दे. बसलो टब घेऊन. एक पाय धुतला, आणि मग उठता येईना, श्वासही येईना. टब कलंडला. मिसेस बोर्टोली कुंपण ओलांडून सपातांनिशी धावत आल्या.

"मिस्टर प्रोसर! अहो, कुणाला बोलावू? जॅनीन तिकडे पर्थला!"

"कुणाला नको."

"बरं," त्या म्हणाल्या. ज्या सुरात बरं म्हणाल्या त्यावरून मला कळायला हवे होते.

दुसऱ्या संध्याकाळी मागचे फाटक वाजले. मांजर सोडून जगात कशासाठीही न उठणारी पेग सोफ्यावरून उठली. नळाचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले तर पायरीवर पाठमोरा एक म्हातारा बसलेला. केस पार पांढरे, मान थेट आमच्या वडिलांची. पेगने उजवा पाय दिला, मग डावा, मग मागचे दोन्ही.

"काय गं बये, नखं केवढी वाढवलीस? तुझ्याकडे बघायला कुणी नाही का इथं?" तो तिला म्हणाला. हा टोमणा मला होता. मी आतून मोठ्याने खोकलो. त्याने टॉवेल पिळून नळावर टाकला आणि गेला.

तेव्हापासून रोज येतो. तो आत येत नाही, मी बाहेर जात नाही. एकदा मी खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा मग ठेवला. त्याने प्यायला, आणि मग विसळून पालथा घातला. आमची मजल तेवढीच.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, म्हातारा विरघळला. विरघळलेलो नाही. संप फोडला तो फोडला.

कलम ७. जॅनीन फोनवर रडली. "बाबा, मी आणते ना तिला माझ्याकडे." पोरी, तू आणशील, मला माहीत आहे. पण तुझे घर इमारतीच्या वरच्या मजल्यावर, दिवसभर तू कामावर, आणि पेग विमानाच्या पोटात पिंजऱ्यात बसून येणार. ग्रेहाउंड सांभाळायला घेणाऱ्या संस्थेतली माणसेही चांगली आहेत, मी त्यांना भेटलो. पण पेग म्हातारी झाली. पुन्हा कुणा परक्याच्या खोलीत उभे राहून, आडवे व्हावे की नाही याचा विचार करण्याचे तिचे वय गेले.

म्हणून पेग ही वस्तू, तिच्या सोफ्यासह, हिवाळी कोटासह आणि टबासह, मी माझा भाऊ लाईल प्रोसर याला देत आहे. अट एकच: तिला पिंजऱ्यात ठेवायचे नाही.

लाईल, आता तुझ्याशी बोलतो. मेलेल्याने बोललेले युनियनच्या नियमात बसते की नाही ते मी एर्नला विचारलेले नाही. तिचे मागचे दात दुखतात, मांस बारीक करून दे. झोपेत असताना हात लावू नकोस, आधी हाक मार, दचकते. फटाके उडाले की न्हाणीघरात जाते, तिथे दिवा लावून ठेव. तुला हे सगळे येते, माझ्यापेक्षा चांगले येते. मला कोणाला तरी सांगायचे होते.

एक मात्र तुला माहीत नाही. नोलीन गेल्यावर पेग रोज बेडरूमच्या बंद दाराशी जाऊन उभी राहायची. मी तिला आत नेऊन पलंग दाखवायचो, की बघ बाई, नाही कुणी. मग यायची. माझ्यामागेही तसेच करील. तिला उगाच ओढून नेऊ नकोस. दाखव. आणि थोडा वेळ तिच्याबरोबर उभा राहा.

तू कुत्र्यांसाठी गेलास ते मी माफ करीत नाही. पण एका कुत्रीसाठी मी हे काय लिहून बसलो आहे, ते पाहून नोलीन पोट धरधरून हसली असती. आज ती हसायला हवी होती.

कलम ८. माझा अंत्यविधी युनियनच्या हॉलमध्ये करावा. संप फोडणारा त्या हॉलमध्ये येत नाही. आमच्या वडिलांच्या वेळी लाईल रस्त्याच्या पलीकडे उभा होता. नोलीनच्या वेळीही तिथेच, टोपी हातात घेऊन, भर उन्हात. सगळ्यांनी पाहिले. मीही पाहिले.

माझ्या वेळी पेगला आत आणावे आणि पुढच्या रांगेशी ठेवावे. तिला मोकळी सोडता येत नाही. काही पळताना दिसले तर ही जात मागे धावत सुटते आणि रस्ता बघत नाही. तेव्हा पट्टा कोणीतरी धरायला हवा, आणि पेग ज्याची त्यानेच तो धरायचा. मी लाईलला बोलावलेले नाही. मी पेगला बोलावले आहे.

हे कलम वाचून एर्नने चष्मा काढला. "क्लेम, हे लिहू नकोस. लोक उठून जातील."

"जाऊ देत. तिला आडवं व्हायला जागा होईल."

"आणि मी?"

"हॉलची किल्ली तुझ्याकडे. तुला सगळ्यांच्या शेवटी जावं लागतं."

एर्नने चष्मा पुन्हा चढवला. सोफ्यावर डोळे उघडे ठेवून झोपलेल्या पेगकडे बघत बसला. मी त्याला घाई केली नाही. त्या रांगेत त्याची पोरे होती, माझी जॅनीन तेव्हा अंगावर पीत होती.

वरील सर्व मी पुन्हा वाचले. त्यातले काही खोडायचे नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत, त्यांनी माझ्या आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर, सही केली.

स्थळ: ॲबरग्लेन
दिनांक: ९ ऑगस्ट २०१९

(सही) क्लेमंट ऑब्री प्रोसर

साक्षीदार:

(सही) सिल्वाना बोर्टोली, शेजारीण. लाईलला फोन मीच केला होता.

(सही) अर्नेस्ट डंकली, निवृत्त खाणकामगार. मी त्या कुत्रेवाल्याशी बोलणार नाही. पुढच्या रांगेत त्याच्यासाठी खुर्ची ठेवीन.