पहिल्या नंबराचं बक्षीस

सोलापूर,
शुक्रवार, २३ ऑगस्ट १९७४

प्रिय जालिंदर,

आबाचा आशीर्वाद. आधी कामाचं लिहितो, नाहीतर नेहमीसारखं इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. कंपनीनं तुला बक्षीस दिलेला ट्रान्झिस्टर मी आज सकाळी ऑफिसात नेला आणि चनबसप्पा शेठच्या टेबलावर ठेवून आलो. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नेऊ दिला नसतास. आता चिडायचं तर चिड, पण पत्र शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातली चौथीही अर्धीच. तेव्हा अक्षराला हसू नकोस. ओळी वाकड्या जातायत त्या म्हातारपणानं, भीतीनं नाही. खरं म्हणजे थोड्या भीतीनंही.

मी काटकसरीच्या विरुद्ध आहे असं मात्र समजू नकोस. या घरात दिवा कोण बारीक करतं? रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन कोण उभं राहतं? सूनबाई वच्छला भाकरी करून उठली की स्टो विझलाय की नाही ते मी दोनदा बघतो, आणि ती म्हणते, "मामा, एकदा बघून विझलेला स्टो दुसऱ्यांदा पेटतोय व्हय?" गेल्या वर्षी अरबांनी तेल आखडलं, डिझेलचा भाव चढला, तेव्हा शेठनं सगळ्या ड्रायव्हरांना गोदामात बसवून काय काय सांगितलं ते तू घरी येऊन सांगितलं होतंस. माल भरत असताना इंजिन चालू ठेवायचं नाही. निघायच्या आधी प्रत्येक टायरची हवा बघायची. गाडी उगाच पळवायची नाही. मुंबईहून रिकामं परत यायचं नाही, एक दिवस थांबावं लागलं तरी चालेल पण भरून यायचं. मला हे सगळं पटलं होतं. मी तुला म्हणालो होतो की हा शेठ माझ्यासारखाच दिवा बारीक करणारा माणूस दिसतो.

मग त्यानं तो फळा लावला. कुणाची गाडी लिटरला किती पळाली, तुम्ही त्याला अ‍ॅव्हरेज म्हणता, ते दर महिन्याला खडूनं लिहायचं. ज्याचं सगळ्यात जास्त, त्याचं नाव वर. वरच्याला बक्षीस, आणि वर्षभर जो जास्त वेळा वर राहील त्याला दिवाळीला येणारी नवी गाडी. गेल्या महिन्यात तुझं नाव वर आलं. शेठनं तुला नारळ दिला, ट्रान्झिस्टर दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धुतलेलं धोतर नेसून आलो होतो. लपवत नाही, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. मिलमध्ये इतकी वर्षं काढली, पण माझ्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नाही. तुझी आई असती तर तिनं सगळ्या चाळीला साखर वाटली असती. तिच्याऐवजी मी वाटली.

त्याच आनंदात मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये भीमाकडे गेलो. तुमचा भीमा ड्रायव्हर, ज्याची गाडी जूनमध्ये खंडाळ्याच्या घाटात दरडीला घासत जाऊन उलटली. त्याचा पाय अजून वजनं लावून टांगून ठेवलाय. मी गेलो होतो डबा द्यायला, पण खरं सांगायचं तर तुझं बक्षीस सांगायला. मी सांगितलं तसा तो हसायला लागला. म्हणाला, "व्हय आबा, तितं माझंच नाव हुतं की. पुसलं का?" मग मला आठवलं, फळ्यावर तुझ्या नावाखाली जुन्या खडूचा पांढरा डाग होता. मला ते तेव्हा दिसलं होतं, पण त्याचं काही वाटलं नव्हतं. भीमा पुढं म्हणाला, "तुमचं पोरगं माझ्याच शाळंतलं हाय. म्याच शिकवलं त्याला." मी विचारलं, काय शिकवलंस? तर म्हणाला, "घाट लागला की गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं आन गाडी सोडायची. अख्खा घाट फुकटात उतरतुया. थेंब जळत न्हाय."

मला गाडीतलं काही कळत नाही. मला वाटलं ही काहीतरी हुशारी असेल. मी विचारलं, मग तुझी गाडी उलटली कशानं? त्यानं टांगलेल्या पायाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "कंपनीच्या कागदावर ब्रेक फेल लिवलंय. ब्रेक कशाला फेल हुतोय? इंजिन बंद, तर ब्रेकाला हवा कोण देणार? साठल्याली हवा असती तवर पाय दाबायचा. ती संपली की मग गाडी कुणाच्या बापाची न्हाय, आबा." मी विचारलं, जालिंदरही असंच करतो का? तो म्हणाला, "गाडी तीच, रस्ता त्योच, टायरातली हवा बी तीच. मग ह्याचंच डिझेल कमी कसं जळंल?" जालिंदर, मी डबा तिथंच विसरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तेव्हा भीमा म्हणाला, "आबा, माझं नाव सांगू नका." मी सांगतोय. तू त्याला काही बोलू नकोस.

तू फेरी करून आलास तेव्हा मी तुला जेवताना विचारलं. तू नाकारलंही नाहीस. हसलास. "आबा, तुमी मिलचा भोंगा ऐकून कामाला जाणार, भोंगा ऐकून घरी येणार. तुमाला घाटातलं काय कळतंय? तुमाला तर स्टोची बी भीती वाटती." आणि वच्छलाला म्हणालास, "ह्यास्नी ट्रान्झिस्टर लाव जरा, डोकं शांत हुईल." ती लावायला उठलीसुद्धा. मी ताटावरून उठलो. तुला वाटलं मला राग आला. राग नव्हता आला. तू लहान असताना भाड्याची सायकल घेऊन रेल्वेच्या पुलावरून उतरायचास ते मला दिसलं. पाय वर उचलून, हात सोडून. मी मागून धावायचो आणि तू ओरडायचास, "आबा, पाय न हलवता पळती!" तेव्हा तुझा एक दात गेला आणि सायकलवाल्यानं मला शिव्या दिल्या. दुसरा दात आला. तेव्हा तुझ्यामागं सुताच्या गाठी भरलेला ट्रक नव्हता.

आता तू म्हणशील, आबा भित्रा आहे. आहेच. मी साप म्हणून सुतळीला भितो. तू गाडीवर गेलास की दारात कुणी तार घेऊन आलंय असं मला भरदिवसा वाटतं. मागच्या थंडीत मी तुझा स्वेटर घेऊन नाक्यापर्यंत आलो, तेव्हापासून तुझे सोबती मला हसतात हेही मला ठाऊक आहे. हसू देत. आयुष्यभर मी ज्या गोष्टींना भ्यालो त्यातल्या बहुतेक झाल्याच नाहीत, हे खरं. पण म्हणून ही होणार नाही असं मला कुणी लिहून देणार आहे का? भीमाला कुणी दिलं होतं? भित्र्या माणसानं घरात गप बसावं असं सगळ्यांना वाटतं. मी पुष्कळ वर्षं बसलो. आता बसत नाही.

काल तू निघालास. आज सकाळी मी वच्छलाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्याशी भांडेल, कारण त्या ट्रान्झिस्टरवर तिचा किती जीव होता ते तू बघितलंयस. तिनं हात पुसले, ट्रान्झिस्टर खाली घेतला, झाकण उघडून सेल काढून घेतले आणि तो फडक्यात बांधला. म्हणाली, "सेल आपलं हायेत. ते कशाला द्यायचं?" मग पदर डोक्यावर घेऊन तीही चप्पल घालायला लागली. मी म्हणालो, तू नको, हसतील. ती म्हणाली, "तुमाला हसत्यात तितं मला बी हसू देत." शेवटी ती फाटकाशी थांबली आणि मी आत गेलो.

बाहेर ड्रायव्हर चहा पीत बसले होते. एकजण म्हणालाच, "आबा आलं रं, आता कंपनीला बी स्वेटर घालत्यात." मी त्याला म्हणालो, तुझ्या मापाचाही आणतो, थांब. शेठ मात्र चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. खुर्ची दिली. मी फडकं सोडून ट्रान्झिस्टर पुढं ठेवला आणि म्हणालो, हे आम्हाला नको. तो म्हणाला, "अहो महिपतराव, आम्ही कुठं सांगितलंय इंजिन बंद करा म्हणून? आम्ही फळ्यावर फक्त आकडा लिहितो." मी म्हणालो, "मग त्यो आकडा कुठनं येतो ते बी लिवा की." तो म्हणाला, डिझेलनं धंदा बुडायला आलाय, अशा चार कंपन्या बंद पडल्या, ही बंद पडली तर तुमचा जालिंदर कुठं जाईल? त्याचंही खरं आहे. पण मी उठलो नाही. मग तो जरा आवाज चढवून म्हणाला, "दिवाळीला नवी गाडी येतीय. उद्या पोरगं म्हणालं की आबांनी माझी गाडी घालवली, तर?"

मी म्हणालो, "म्हणू द्या की. म्हणायला जित्तं असंल."

कारकुनानं लिहायचं थांबवलं. मग शेठ म्हणाला, ज्याला दिलंय त्यानंच परत करायचं, बापाकडून मी घेत नाही. ट्रान्झिस्टर त्यानं कपाटावर ठेवलाय. तू आलास की तुला विचारणार आहे. मी दारातून मागं वळून आणखी एक बोलून आलो, तेही सांगून टाकतो. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात माझ्या पोराचं नाव त्या फळ्यावर सगळ्यात खाली असेल, आणि नसलं तर मी रोज येऊन या फाटकात बसेन. बाहेर कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर वच्छला म्हणाली, "मामा, रस्त्यापतुर ऐकू आलं." मी तिला विचारलं, फार बोललो का? ती म्हणाली, "कमीच बोललासा."

माझा शब्द तुझ्या नावावर मी तुला न विचारता देऊन बसलोय. नवी गाडी कदाचित जाईल. शेठ तुला मुंबईची लाइन काढून मोडनिंब-करकंबच्या जवळच्या फेऱ्या देईल. तुझे सोबती तुला आबाचं पोरगं म्हणतील. हे सगळं माझ्यामुळं होईल, आणि तरी मला वाईट वाटत नाही. अजून दहा ट्रान्झिस्टर दिले तर दहाही नेऊन ठेवीन.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते. तू परत आल्यावर बोलता आलं असतं. पण तू परत येण्याआधी घाट आहे. तुझी गाडी आज पुण्यात माल उतरवून नवा भरणार आणि उद्या सकाळी खाली मुंबईला निघणार, हे मी ऑफिसातच विचारून घेतलं. पोस्टावर माझा भरवसा नाही. तुमच्या कंपनीचा जोतीराम दुपारी गाडी घेऊन पुण्याला येतोय, त्याच्या हातात हे देतोय आणि तुझ्या हातातच द्यायची शपथ घालतोय. मी स्वतः त्याच्या शेजारी बसून यायला निघालो होतो, पण वच्छलानं चपला लपवल्या. तर जालिंदर, तुझ्या आबाला इंजिन कळत नाही, आकडा कळत नाही, धंदा कळत नाही. भीमाला विचारून एवढंच समजून घेतलंय. घाटाच्या वर गाडी थांबव. ब्रेक बघ. खालचा गिअर टाक आणि इंजिन चालू ठेवून सगळा घाट सावकाश उतर. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. डिझेल जळेल. जळू दे.

तुझाच,
आबा