हिरड्यांचं मेंटेनन्स कार्ड

२ तारीख, सोमवार. सकाळी ७.
ब्रश करताना पुन्हा रक्त. निदान माझं मीच केलं: हिरड्या दमल्यात. त्यांना विश्रांती म्हणून ब्रश बंद. दुपारपर्यंत रक्त थांबलं. लोक उगाच डॉक्टरकडे धावतात.

५, गुरुवार.
काकडी खाताना वरचा पुढचा दात हलला! ही म्हणाली, वर्षभर सांगतेय, वास येतोय. मला वाटत होतं बेसिनचा. दोनदा जाळी साफ केली होती मी.

६, शुक्रवार.
दातांच्या डॉक्टरीणबाई. दवाखाना चौथ्या मजल्यावर. तिथल्या लिफ्टचं मेंटेनन्स माझ्याकडेच. आतल्या कार्डावर स्वतःची सही बघून ऊर भरून आला.
बाईंनी दातांवरचा दगडासारखा थर खरवडून काढला. म्हणाल्या, हिरड्या सुजल्यात, आतलं हाड झिजलंय. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवायचा नसतो. रोज दोनदा हलक्या हाताने ब्रश, एकदा फटींतून दोरा. तीन आठवडे नीट केलंत तर दात कदाचित वाचेल, नाहीतर काढावा लागेल.
३० तारखेला नव्या भरतीपुढे माझं लेक्चर आहे. विषय ‘नियमित देखभाल’. पुढचा दात नसेल तर ‘सुरक्षा सर्वप्रथम’ म्हणताना नुसती शिट्टी वाजेल. दात वाचलाच पाहिजे.

७, शनिवार.
देखभाल आम्हाला कुणी शिकवू नये. आरशाशेजारी कार्ड लावलं. सकाळ, रात्र, दोरा. तिन्हींवर टिक. दोरा फटीत शिरला नाही, पण प्रयत्नाची टिक.

९, सोमवार.
रोज टिक मारत बसायला वेळ कुणाला आहे? कामावर आम्ही सोमवारीच अख्खा आठवडा भरून टाकतो. इथेही तेच केलं. एकदम हलकं वाटलं.

१३, शुक्रवार.
जेवल्यावर डोळे मिटायला लागले. कार्ड बघितलं. ब्रश झालेला होता. झोपलो.

१९, गुरुवार.
जिभेने ढकलला की दात पुढे जातो. परत मागे येतो, हे लक्षण चांगलं. कन्या म्हणाली, बाबा, तुमचा ब्रश कायम कोरडा ठणठणीत कसा? तिला कार्ड दाखवलं. ती कार्ड वाचून निघून गेली. पुराव्यापुढे कोण काय बोलणार!

२६, गुरुवार. सकाळी ८.
भीती वाटतेय. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. उठल्यापासून चार वेळा ब्रश केला, मागचं सगळं भरून काढायला. बेसिन लाल झालं. ही दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७, शुक्रवार. संध्याकाळी ६.
कार्ड सोबत नेलं होतं. बाईंनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या, काका, रविवारी रात्रीचाही ब्रश झालाय तुमचा. आज शुक्रवार आहे.
मग दात काढला. फार जोर लावावा लागला नाही.
बाहेर आलो तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, काका, जिन्याने जा हं, तुम्ही आत असतानाच लिफ्ट बंद पडली. मेंटेनन्सवाल्यांनी महिनाभर लिफ्ट उघडूनही बघितलेली नाही. नुसते पगार खातात मेले.
लिफ्टचं दार अर्धवट उघडं होतं. आतलं कार्ड दिसत होतं. रविवारपर्यंत सगळं ओके. खाली माझी सही.
काहीतरी बोलणार होतो. पण तोंडात कापूस होता. चार मजले उतरलो.