बेंबीजवळची चीर

ताई,

हे तुला पाठवायचा धीर होणार नाही, तरी लिहितेय.

आठव्या महिन्यात माझ्या शिल्पासाठी तुझ्या पोटाचा साचा घेताना मी तुला किती दटावलं होतं! "हलू नकोस, प्लास्टर सुकतंय." तू म्हणालीस, "मी कुठे हलतेय? आतल्याला सांग." तेवढ्यात बाळानं लाथ मारली आणि बेंबीजवळ बारीक चीर गेली. हसून हसून आपली पुरेवाट झाली.

पुढच्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. बाळाचे कपडे तू देऊन टाकलेस. उरली ती चीर.

तो साचाच प्रदर्शनात मांडायला तू एकाच अटीवर हो म्हणालीस: उद्घाटनाआधी तुला एकटीला त्या चिरेवरून बोट फिरवू द्यायचं.

आज दालनात गेले, तर मांडणी करणारा माणूस कौतुकानं म्हणाला, "मॅडम, आणताना तडा गेला होता वाटतं. भरला, घासला, रंगही दिला. आता शोधूनही सापडणार नाही."

मी त्याला चक्क थँक्यू म्हणाले.

उद्या सकाळी तू येशील. हुबेहूब चीर मी आत्ता पाडू शकते, पटाशी हातातच आहे. पण ती लाथ कुठून आणू गं?

तुझी,
धाकटी